डाव्या नळीत सरकलेला बार: दुनळी हौदा पिस्तुलात छर्रे भरण्याचं एक प्रकरण

उजव्या नळीचे तीन बार लागोपाठ उडाले होते. डावी नळी सुरुवातीलाच भरून ठेवलेली होती, पण तिचा चाप एकदाही ओढला नव्हता. चौथ्यांदा उजवी नळी भरायला घेताना शेजारच्या अनुभवी नेमबाजाने थांबवलं, डाव्या निपलवरची (नळीच्या बुडाशी ठिणगी आत नेणारी पोकळ बोंडी) केप, म्हणजे घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी टोपी, काढायला लावली आणि मग गज (भरणा ठासायची काठी) डाव्या नळीत सोडून पाहिला. भरल्यानंतर गजावर पेन्सिलीने केलेली खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी होती. ती दीड सेंटीमीटर वर राहिली. छर्‍यांवरची चकती पुढे सरकली होती आणि आत पोकळी तयार झाली होती. तो बार तसाच काढला असता तर नळीला कडं पडल्यासारखा फुगवटा आला असता, नाहीतर नळीच फाटली असती.

ही घटना अमेरिकेत टेक्ससमधल्या एका खाजगी रेंजवरची आहे. नेमबाज आधुनिक काडतुसाच्या शॉटगनमध्ये मुरलेला होता, पण ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासून भरायच्या हत्याराला नवखा होता. त्याच दिवशी त्याची आणखी एक तक्रार होती: ७ यार्डांवरच्या कागदावर छर्रे कडेकडेने बसत होते आणि मधोमध मोठी रिकामी जागा राहत होती. बार सरकणं आणि मध्ये भोक पडणं या दोन्ही तक्रारींचं मूळ मात्र एकच निघालं. दारू जास्त होती आणि दारू व छर्‍यांच्या मधले आणि वरचे थर चुकीचे होते.

हत्यार

पिस्तूल होतं दुनळी हौदा पिस्तुलाची नवी प्रतिकृती. २० बोअर, आतून गुळगुळीत, सव्वाअकरा इंची नळ्या, दोन घोडे, दोन चाप आणि ११ नंबरच्या केपा. अशा प्रतिकृती इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या गावात बनतात. नाव मात्र आपल्याकडचं आहे. १९व्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानात हत्तीच्या हौद्यात बसून वाघाच्या शिकारीला जाणारे साहेब असं आखूड, मोठ्या बोअरचं हत्यार जवळ ठेवत. जखमी वाघ हत्तीवर चढून आलाच, तर हाताच्या अंतरावरून काढायचा तो शेवटचा बार. त्या कामाला त्यात गोळी असायची. छर्रे भरून कागद, फुगे, डबे किंवा गोठ्यातले उंदीर टिपणं हा या पिस्तुलाचा आजचा उपयोग. उडत्या पक्ष्यावर ते धरू नये. आखूड नळीतून सुटलेले छर्रे लवकर पांगतात आणि पक्षी जखमी होऊन निसटतो.

कायद्याबद्दल एवढंच: अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूची ठासणीची पिस्तुलं ‘अँटिक’ या वर्गात मोडतात, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ठासणीचं हत्यार बाळगायलाही परवाना लागतो आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. प्रतिकृती आहे म्हणून इथे सूट मिळेल असं कुणी समजू नये.

त्या दिवशीचा भरणा

नळीत काय होतं ते बुडापासून वर सांगतो. थ्री एफ जातीची (बारीक दाण्याची) काळी दारू, ५० ग्रेनचं (ग्रेन हे दारू मोजायचं छोटं एकक) माप भरून. तिच्यावर टिश्यू कागदाचा चुरगळलेला बोळा. त्यावर साडेसात नंबरचे शिशाचे छर्रे, त्याच ५० च्या मापाने. सगळ्यात वर पातळ पुठ्ठ्याची एकच चकती.

‘जेवढी दारू तेवढेच छर्रे, एकाच मापाने’ हा ठासणीच्या शॉटगनचा जुना ठोकताळा त्याने ऐकला होता. ठोकताळा चुकीचा नाही. पण शिसं दारूच्या कितीतरी पट जड असतं. ५० ग्रेन दारूच्या मापात साधारण पाऊण औंसाहून थोडे जास्तच छर्रे मावतात. साडेसात नंबरचे छर्रे औंसाला सुमारे ३५० भरतात, म्हणजे इथे पावणेतीनशेच्या आसपास झाले. खांद्याला लावायच्या लांब बंदुकीत हा हलका बार ठरेल. हातात धरायच्या पिस्तुलात मात्र त्याचा धक्का मनगट वर उडवतो, आणि त्या धक्क्याचाच परिणाम दुसर्‍या नळीवर झाला.

उजवा बार उडाला की अख्खं पिस्तूल झटक्यात मागे येतं. डाव्या नळीतले छर्रे मात्र आपल्या जडपणामुळे जागीच राहू पाहतात आणि नळी त्यांच्याभोवतून मागे सरकते. नळीच्या हिशेबाने पाहिलं तर छर्रे पुढे गेलेले असतात. त्यांना धरून ठेवायला वर फक्त एक पातळ चकती होती. डावी नळी त्या दिवशी एकदाही उडालेली नसल्यामुळे आतून स्वच्छ होती आणि साफसफाईच्या वेळचं तेल तिच्यात तसंच होतं. चकतीला धरायला काही नव्हतंच. उडालेल्या नळीत काजळीचा खरखरीतपणा थोडी पकड देतो, तोही इथे नव्हता. प्रत्येक धक्क्याला चकती थोडी थोडी पुढे आली आणि तीन धक्क्यांत दीड सेंटीमीटर झाली.

पोकळी इतकी वाईट का? दारूला चिकटून बसलेला भरणा पेट घेतल्याबरोबर हलायला लागतो आणि दाब त्याच्यामागे वाढत जातो. मध्ये रिकामी जागा असली की वायू आधी त्या जागेत वेग घेतो आणि मग पुढे थांबलेल्या जड गोळ्यावर जाऊन आदळतो. त्या एका ठिकाणी दाब एकदम चढतो. नळी फुगते ती तिथेच. म्हणून ठासणीच्या कोणत्याही हत्यारात दारू आणि तिच्यावरचे थर यांच्यात फट राहू द्यायची नाही. हा नियम फक्त दुनळीपुरता नाही, पण दुनळीत तो आपल्या नकळत मोडला जातो.

दुसरी चूक याहून साधी आणि याहून धोक्याची होती. डाव्या निपलवर केप चढवलेली असताना उजवी नळी तीन वेळा भरली गेली होती. गज मारणारा हात प्रत्येक वेळी भरलेल्या, केप चढवलेल्या नळीच्या तोंडासमोर होता. एक नळी भरताना दुसरी भरलेली असेल तर तिची केप आधी काढायची, याला अपवाद नाही.

बार बाहेर काढणं

सरकलेला भरणा परत ठासून खाली बसवता येतो, असं काहीजण सांगतात. इथे ते केलं नाही, आणि ते योग्यच झालं. चकती तिरकी झाली होती का, टिश्यूचा बोळा जागेवर होता का, छर्रे त्याच्या बाजूने दारूत उतरले होते का, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

आधी दोन्ही निपलं उघडी आहेत याची खात्री केली. पिस्तूल निशाणाच्या दिशेने टेकवून डावं निपल पान्याने काढलं. त्या भोकातून पिचकारीने पाणी आत सोडलं आणि दहा मिनिटं थांबले. भिजलेली काळी दारू पेटत नाही, म्हणून पाणी सगळ्यात आधी. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून वरची चकती भोसकून ओढून काढली, नळी तिरकी करून छर्रे ताटलीत ओतले, टिश्यूचा लगदा आकड्याने काढला आणि दारूचा काळा चिखल पाण्याने धुऊन टाकला. निघालेली दारू परत डब्यात जात नाही. नळी पुसून, वाळवून, निपल बसवल्यावर दोन नुसत्या केपा उडवल्या, म्हणजे निपलच्या वाटेतला ओलावा गेला.

कागद काय सांगत होता

मधल्या भोकाचं कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलली. अशा तपासाला दुसरी पद्धत नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कागद सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही.

पहिल्यांदा फक्त माप उतरवलं: दारू ३० ग्रेन, छर्रे ३५ च्या मापाने, म्हणजे जवळपास अर्धा औंस, सुमारे पावणेदोनशे छर्रे. दारूपेक्षा छर्‍यांचं माप थोडं जास्त ठेवण्यामागे जुना अनुभव आहे: दारू वाढवली की छर्रे पांगतात, दारू आवरली की एकत्र जातात. आखूड नळीत तर जास्तीची दारू जळते ती बरीचशी तोंडाबाहेर, आगीच्या भपक्यात. त्या भपक्याने छर्‍यांचा पुंजका मागून फुटतो. धक्का निम्म्यावर आल्यासारखा वाटला आणि मधलं भोक लहान झालं. पण कागदावर आता काही भोकं एका छर्‍याच्या मानाने मोठी दिसत होती.

ते काम टिश्यूच्या बोळ्याचं. चुरगळलेल्या कागदातून गरम वायू पुढे निसटतो आणि मागचे छर्रे वितळून एकमेकांना चिकटतात. अशी गुठळी गोळीसारखी सरळ जाते, छर्‍यांच्या हिशेबापेक्षा बरीच दूर. ही नुसती नेमाची अडचण नाही. समोर मातीचा बंध किती उंच हवा, मागे कोण उभं आहे, याचा सगळा अंदाज त्याने चुकतो. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा दारूवर घट्ट ठासायची रीत होती, ती याचसाठी: वायू मागेच अडावा. बोळा सैल राहिला की काथ्या असो वा टिश्यू, परिणाम एकच.

टिश्यूच्या जागी दारूवर कडक पुठ्ठ्याची, एक अष्टमांश इंच जाड चकती आली आणि गुठळ्या थांबल्या. चकती ‘२० बोअर’ असं पाकिटावर वाचून घेऊ नये. २० बोअरचा नाममात्र व्यास ०.६१५ इंच, पण प्रतिकृतींच्या नळ्या त्याहून थोड्या कमीजास्त असतात. कॅलिपरने नळीचं तोंड मोजावं आणि चकती त्याहून किंचित मोठी घ्यावी. अंगठ्याने दाबून आत जाते आणि गजाने खाली नेताना सतत विरोध जाणवतो, ती योग्य. स्वतःच्या वजनाने घसरते, ती टाकून द्यावी.

मग त्याने हौसेने पुठ्ठ्यावर अर्धा इंच जाड तंतूची गादी घातली, तेलात चांगली भिजवून, म्हणजे काजळी मऊ राहील. भोक परत आलं, आणि या वेळी त्याच्या मध्यभागी गादीचाच एक गोल ठसा उमटला होता. तेल पिऊन जड झालेली गादी छर्‍यांच्या मागोमाग सुटते आणि तोंडाबाहेर पडल्याबरोबर त्यांच्यातून घुसून पुढे जाते. छर्रे चहूबाजूंना ढकलले जातात. तसलीच कोरडी गादी आडवी चिरून पाव इंच जाडीची केली, नुसत्या कडा मेणचरबीच्या मिश्रणात बुडवल्या, आणि ७ यार्डांवरचा कागद पहिल्यांदा सलग भरला. दहा इंचांच्या वर्तुळात तळहात मावेल एवढी मोकळी जागा कुठे उरली नव्हती. १० यार्डांवर मात्र अशा जागा उरल्या. म्हणून या पिस्तुलाची हद्द ७ यार्ड धरली.

असंच भोक आटेदार (आतून पिळाच्या खाचा असलेल्या) नळीतही पडतं, पण तिथे कारण निराळं. काही हौदा पिस्तुलांची एक नळी .५० कॅलिबरची आटेदार असते. आट्यांमुळे छर्‍यांचा अख्खा पुंजका भोवर्‍यासारखा फिरतो आणि बाहेर पडल्यावर कडेला फेकला जातो. तिथे दारू उतरवून थोडा फरक पडतो, भोक जात नाही. ती नळी गोळीसाठी ठेवावी.

वरची चकती आणि कोंडलेली हवा

आता सरकण्याचा प्रश्न. माप उतरवल्याने धक्का कमी झाला, तरी पकड हवीच. उपाय म्हणून एक जाड चकती घालणं सोपं वाटतं, पण जाड चकती तोंडाबाहेर छर्‍यांच्या आडवी येते आणि कागद परत फाटका होतो. तीस हजारांश इंचाच्या दोन पातळ चकत्या चांगल्या. एक सैल पडली तरी दुसरी धरते आणि बाहेर दोघी लगेच बाजूला होतात.

दोन्हींना आरीने बारीक भोक पाडावं, मधोमध नाही, कडेकडे. आणि बसवताना एकीचं भोक दुसरीच्या भोकावर येऊ देऊ नये. भोक का? खाली घट्ट पुठ्ठा आणि गादी बसलेली असते. वरून चकती दाबली की छर्‍यांच्या फटींतली हवा कोंडते. गज काढला की ती चकतीला हळूहळू वर ढकलते. एकही बार न काढता चकती पुढे आलेली सापडते ती यामुळे. खालचा पुठ्ठा उतरवताना ही अडचण येत नाही, कारण घोडा अर्ध्या चापावर (अर्धा ओढून अडकवलेला) असला तर हवा निपलमधून निघून जाते. घोडे पूर्ण खाली ठेवून ठासणारे या सोयीला मुकतात.

ठरलेला क्रम

तेल पुसून काढणं आधी. कोरडा कपडा दोन्ही नळ्यांतून, मग प्रत्येक निपलवर एकेक नुसती केप, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. रिकाम्या नळीत गज सोडून पहिली खूण.

पुढे दोन्ही नळ्या बरोबरीने भरायच्या. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. आत ठिणगी राहिली असेल तर हातातला अख्खा डबा पेटतो. डब्यातून मापात, मापातून नळीत. उजवीत दारू, डावीत दारू. उजवीत पुठ्ठा, डावीत पुठ्ठा. मग गाद्या, छर्रे, चकत्या. एका नळीचा पूर्ण भरणा करून दुसरीकडे वळलं आणि मध्ये कुणी हाक मारली, की एकाच नळीत दोनदा दारू पडते. पुठ्ठा दारूवर दाबून बसवायचा, गजाने आपटायचा नाही.

या मापाने ३० ग्रेन दारू नळीत साधारण एक सेंटीमीटर चढते, छर्रे त्याहून थोडे जास्त, आणि पुठ्ठा, गादी, चकत्या मिळून आणखी एक. रिकाम्या आणि भरलेल्या खुणेत तीन सेंटीमीटरहून थोडं जास्त अंतर पडलं पाहिजे. सहा दिसलं तर दोनदा भरलं आहे. ठरलेल्या अंतराहून थोडं जास्त दिसलं तर कुठेतरी फट आहे. दोन्ही खुणा पेन्सिलीऐवजी चाकूने कोराव्यात. पेन्सिल घामाच्या हाताने पुसली जाते.

केपा सगळ्यात शेवटी, निशाणासमोर उभं राहून. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण केपेचे तुकडे उडतात. चाप ओढल्यावर नुसती केप वाजली तर पिस्तूल समोरच धरून मिनिटभर थांबायचं, कधीकधी बार उशिरा उडतो. नाहीच उडाला तर सुईने निपल टोचून नवी केप.

दारूबद्दल एक गोष्ट पुन्हा सांगण्याजोगी आहे, कारण काडतुसातून आलेल्या माणसाच्या कपाटात ती हमखास असते: बिनधुराची दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या नळ्या सोसत नाहीत. ३० ग्रेन हा आकडाही या पिस्तुलाचा आहे. दुसर्‍या हत्यारासाठी त्याच्या कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा पाहावी आणि तिच्या बर्‍याच खालून सुरुवात करावी.

त्यानंतर

नव्या भरण्याने मुद्दाम तीच परिस्थिती उभी केली. डावी नळी भरलेली, केप नाही. उजवीचे तीन बार. प्रत्येक बारानंतर डावीत गज. खूण तिन्ही वेळा तोंडाशी आली. तरीही रेंजवर त्याला पुढे एवढंच करायला सांगितलं: दोन्ही बार काढायचे आणि मगच भरायला बसायचं. एकच बार काढून थांबावं लागलं तर उरलेल्या नळीची केप काढायची आणि पुन्हा केप चढवण्याआधी गज सोडून खूण पाहायची.

काळ्या दारूच्या जळण्यातून निम्म्याहून जास्त ऐवज घन राहतो आणि त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढतात, म्हणून नळ्या त्याच संध्याकाळी कोमट पाण्याने धुतल्या गेल्या. छर्‍यांच्या बारानंतर नळीत शिशाच्या रेघाही सापडतात, कारण इथे छर्रे नळीला थेट घासत जातात. त्या पाण्याने जात नाहीत, पितळी ब्रश लागतो. शिशाला लागलेले हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. वाळवून तेलाचा पातळ हात दिला आणि पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: ‘भरण्याआधी तेल पुसणे.’